पहिलं शहर कुणी वसवलं? धर्मग्रंथ आणि प्राचीन मिथकं शेजारी ठेवून वाचण्याची रीत

धर्मग्रंथ आणि जुन्या संस्कृतींच्या कथा एकत्र वाचायच्या ठरल्या की बहुतेक जण महापुराला हात घालतात. मनूची नाव, नोहाचं तारू, गिल्गमेश या बॅबिलोनी महाकाव्यातल्या उत्नपिश्तिमचं जहाज. साम्य पहिल्या तासातच हाती लागतं, कुणीतरी 'शेवटी सगळीकडे गोष्ट एकच' म्हणून मोकळा होतो आणि पुढं वाचण्यासारखं काही उरत नाही. म्हणून महापूर शेवटी ठेवा. सुरुवात नांगर आणि शहर यांच्यापासून करा. माणसं आधी काय खात होती, पहिली भूक कधी पडली, शेती कुणी शिकवली, पहिली वस्ती कुणी बांधली? या प्रश्नांवर ग्रंथांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, आणि वाचनाला रंग चढतो तो तिथंच. सोलापुरात बसून वाचणाऱ्यांना तर हा भाग जास्त जवळचा, कारण यातल्या बऱ्याच कथा पाण्याने नाही, उपासमारीने सुरू होतात.

काय काय जमवायचं

पहिल्या फेरीला चार परंपरा पुरतात. त्याहून जास्त घेतल्या तर कागद भरतो आणि डोकं रिकामं राहतं.

विष्णुपुराणाचा पहिला अंश, तेरावा अध्याय: पृथू राजाची कथा. जिनसेनांच्या आदिपुराण या जैन ग्रंथातलं तिसरं पर्व (कुलकर, म्हणजे लोकांना वळण लावणारे आदिपुरुष) आणि सोळावं पर्व (पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी शिकवलेली सहा कर्मं). बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातले अध्याय ४ आणि ५, दहाव्या अध्यायातली ८ ते १२ ही वचनं आणि अकराव्यातली पहिली नऊ. सुमेरच्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन संस्कृतीच्या, बाजूने राजावली (राजांची यादी), 'इनान्ना आणि एन्की' ही दोन देवतांची रचना आणि तिथल्याच अक्कादी भाषेतली अत्राहसीसची महापूरकथा. सुमेरी रचनांचं इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. इंग्रजीला बिचकणाऱ्यांसाठी गटातल्या एकाने आठवडाभर आधी त्याचा मराठी गोषवारा काढावा. मात्र देवांची आणि शहरांची नावं गाळू नयेत.

जैन बाजूसाठी सोलापूरकरांना लांब जायला नको. यतिवृषभांची 'तिलोयपण्णत्ती' ही प्राकृत रचना हिंदी अनुवादासह इथल्याच जीवराज जैन ग्रंथमालेतून छापली गेली, पहिला भाग १९४३ साली. तिच्या चौथ्या महाधिकारात कुलकर येतात. पुराणांच्या मराठी प्रतींसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघा.

मूळ ग्रंथावर पेन्सिल चालवू नका. लागणाऱ्या पानांच्या झेरॉक्स काढा आणि खुणा त्यांवर करा. वाचनालयाच्या पुस्तकाचा प्रश्न तर आहेच, पण घरातली पोथी, जिनवाणी किंवा कुराण कुणी रेघा मारायला आणलेलं नसतं. ग्रंथ पाटावर किंवा रेहालवर राहू द्या आणि काम झेरॉक्सवर करा. एवढ्याने निम्मे रुसवे टळतात.

कागद कसा आखायचा

फुलस्केप कागद आडवा धरून पाच उभे रकाने आखा: आधी काय होतं, अडचण कोणती आली, ती कुणी सोडवली, काय मिळालं, आणि बदल्यात काय गेलं. एकेका ग्रंथाला एक आडवी ओळ. आता महत्त्वाचं: कागद ओळीने भरा, रकान्याने भरू नका. एक ग्रंथ पूर्ण वाचून त्याचे पाचही रकाने संपवा, मगच दुसरा उघडा. रकान्याने भरायला गेलात की पहिल्या ग्रंथात सापडलेली गोष्ट डोळे दुसऱ्यात शोधू लागतात, आणि शोधलं की ती सापडतेच. ग्रंथ ज्यावर गप्प आहे तो रकाना कोरा सोडा.

पहिलं वाचन मोठ्याने, हातात पेन न घेता. दुसरं पेन्सिल घेऊन. एका बैठकीला एकच अध्याय. उत्पत्तीचा चौथा अध्याय २६ वचनांचा आहे, दहा मिनिटांत संपतो, म्हणून त्याला दुसरा अध्याय जोडायचा मोह होतो. जोडू नका.

चार ओळी भरून

पृथूची ओळ अशी होते. वेन राजा ऋषींच्या हातून मारला गेला, राज्याला धनी उरला नाही, पृथ्वीने वनस्पती गिळून टाकल्या आणि उपाशी प्रजा पृथूकडे आली. तो धनुष्य घेऊन पृथ्वीच्या मागे लागतो, ती गाईच्या रूपात पळते, शेवटी म्हणते की मला वासरू दे आणि जमीन सपाट कर. पृथू स्वायंभुव मनूला वासरू करतो आणि आपल्याच हातात धान्य दोहून घेतो. त्याच्याआधी पुरं आणि गावं अशी विभागणी नव्हती, पिकं नव्हती, गोपालन नव्हतं, व्यापाराची वाट नव्हती, असं पुराण स्पष्ट सांगतं. सोडवणारा कोण? राजा. पाचवा रकाना जवळजवळ कोरा.

ऋषभदेवांची ओळ वेगळी पडते. भोगभूमीत, म्हणजे कष्टाशिवाय जगण्याच्या काळात, कल्पवृक्ष सगळं देत होते. ते हळूहळू आटले. चौदा कुलकर एकेक नवी भीती समजावून सांगतात. कल्पवृक्षांचा उजेड मंदावल्यावर सूर्य-चंद्र दिसू लागले तेव्हा घाबरलेल्या लोकांची समजूत पहिल्या कुलकराने काढली. शिक्षाही किती साध्या: आधी नुसतं 'हा', पुढे 'मा', मग 'धिक्'. शेवटी भुकेली प्रजा ऋषभांचे वडील नाभिराय यांच्याकडे येते, ते ऋषभांकडे पाठवतात, आणि ऋषभ असि (शस्त्र), मषी (लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कामं शिकवतात. इथं एक चूक हमखास होते: 'जैन परंपरेत देवांचा हात नाही' असं कुणीतरी तिसऱ्या रकान्यात लिहून मोकळा होतो. आदिपुराणात अयोध्येची रचना इंद्राच्या आज्ञेने देव करतात. कामं माणूस शिकवतो, नगरी मात्र देव बांधतात, हे दोन वेगळे धागे वेगळेच लिहा. पाचव्या रकान्यात: फुकट मिळणारं सगळं.

उत्पत्तीत पाचवा रकाना सर्वांत गच्च भरतो. काइन शेतकरी, तो भावाला मारतो, जमीन त्याला शापित होते, आणि तोच नगर बांधून त्याला मुलाचं, हनोखाचं, नाव देतो. त्याच्याच वंशात याबाल तंबू आणि गुरांचा, युबाल वाद्यांचा, तुबल-काइन तांब्या-लोखंडाच्या हत्यारांचा. कुणी देवदूत येऊन काही शिकवत नाही. पहिलं शहर खुनी माणसाचं, ही नोंद इतर तिन्ही ओळींच्या शेजारी ठेवली की तिची धार कळते.

सुमेरच्या राजावलीत राजपद आकाशातून एरिदू नगरात उतरतं. बस्स. भूक नाही, विनंती नाही, गुन्हा नाही. 'इनान्ना आणि एन्की'मध्ये तर सगळी संस्कृतीच नावेत भरून नेली जाते: एन्की मद्याच्या भरात 'मे' नावाची सामर्थ्यं देऊन टाकतो, इनान्ना ती एरिदूहून उरुकला आणते. त्या यादीत सुतार, तांबट, लेखनिक, चांभार, गवंडी यांची कामं आहेत आणि त्याच दमात नगरांची लूट, विलाप आणि फसवणूकही आहेत. यादी पूर्ण उतरवा. फक्त चांगली कामं उतरवली की सुमेर उगाचच भाबडं दिसू लागतं.

सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकर वस्तीतले, वाचक असतील तर भावनाऋषींची ओळ जरूर घाला. मार्कंडेयांच्या या मुलाने कमळाच्या तंतूंपासून पहिलं वस्त्र विणलं, ही पद्मशाली समाजाची परंपरा. ओळीच्या कडेला 'ज्ञातिपरंपरा' असं लिहा, म्हणजे पुराणाच्या अध्यायाशी तिची सरमिसळ होणार नाही. शेजारी सुमेरची उत्तू ही देवी येते. विणकामाचं खातं एन्की तिच्याकडे सोपवतो.

एक वाक्य जवळून

बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीत, अकराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, माणसं दगडाऐवजी भाजलेली वीट आणि चुन्याऐवजी डांबर वापरतात. काळ्या दगडाच्या मुलखातला वाचक हे वाचून पुढे जातो. थांबा. दक्षिण मेसोपोटेमियात दगड जवळजवळ नाहीच. गाळ, बोरू आणि जमिनीतून पाझरणारं डांबर आहे. तिथल्या उर शहराच्या झिग्गुरातच्या (पायऱ्यांच्या मंदिर-बुरुजाच्या) बाहेरच्या थरात भाजलेल्या विटा डांबरात बसवलेल्या आजही दिसतात. म्हणजे सांगणाऱ्याला ते बांधकाम ठाऊक होतं, आणि आपल्या श्रोत्यांना मात्र ते समजावून सांगावं लागेल हेही ठाऊक होतं. दगडात बांधणाऱ्यांसाठीच तो असं वाक्य रचेल. अशी एक बारीक नोंद दहा ढोबळ साम्यांपेक्षा जास्त सांगते. प्रत्येक बैठकीत निदान एक शोधा: माती, हत्यार, धान्य, माप.

आकडे

इथं गट हमखास घसरतो. राजावलीच्या प्रसिद्ध प्रतीत, ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या मातीच्या प्रिझमवर (चौकोनी लेखठोकळ्यावर), महापुराआधी पाच नगरांत आठ राजे होऊन गेले आणि त्यांची एकूण कारकीर्द २,४१,२०० वर्षांची. पहिला अलुलिम एकटा २८,८००. कुठल्याही मोठ्या आकड्याला आधी ३,६०० ने भागून बघा. २८,८०० म्हणजे ८ वेळा, २,४१,२०० म्हणजे ६७ वेळा. सुमेरी गणित साठाच्या पटीत चालतं आणि ३,६०० हे त्यातलं एक माप आहे. उलट आदामाची ९३० आणि मथुशलहाची ९६९ वर्षं साठाने भागून बघा. भाग जात नाही. ती दुसऱ्या हिशेबातून आली आहेत.

मग कुणीतरी कलियुगाची ४,३२,००० वर्षं काढतं, कारण बॅबिलोनचा पुजारी बेरोसोस यानेही महापुराआधीच्या राजांना नेमका तोच आकडा दिला आहे. आकडे खरे आहेत. पण बेरोसोस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, ग्रीकमध्ये लिहिणारा. त्याच्या कितीतरी आधीच्या प्रिझमवर तो आकडा नाही, आणि ४,३२,००० म्हणजे ३,६०० गुणिले १२०, साठाच्या हिशेबात सहज पडणारी संख्या. एवढ्यावरून कुणी कुणाकडून घेतलं हे ठरत नाही. कागदाच्या मागे लिहून ठेवा आणि पुढे चला.

असाच दुसरा सापळा नावांचा. कानडी-तेलुगू येणाऱ्याला 'उर' शहर ऐकताच 'ऊरु' आठवतं. त्या शहराचं सुमेरी नाव उरिम. एकट्या-दुकट्या उच्चारावर नातं बांधू नका.

काळ दोन लिहा

प्रत्येक ओळीच्या डावीकडे दोन काळ टाका: रचना साधारण कधीची आणि हातात आलेली प्रत कधीची. गिल्गमेशची अकरावी पाटी, जिच्यातली महापुराची कथा जॉर्ज स्मिथने १८७२ मध्ये लंडनमध्ये जाहीर केली, अश्शूरची राजधानी निनवे इथल्या ग्रंथालयातली, म्हणजे इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली. अत्राहसीसची जुनी प्रत त्याआधी सुमारे हजार वर्षांची. आदिपुराण इसवी सनाच्या नवव्या शतकातलं. 'कथा फार जुनी' हे वाक्य कागदावर चालणार नाही. जुनं काय, कथा की प्रत, ते लिहावंच लागतं.

आता महापूर

इतकं झाल्यावर महापूर घ्या, आणि आता साम्याऐवजी फरकाचे रकाने आखा. अत्राहसीसमध्ये कारण माणसांचा गोंगाट, आणि पुराआधी रोगराई व दुष्काळ आजमावून झालेले, उत्पत्तीत कारण दुष्टाई, शतपथ ब्राह्मणात (१.८.१) कारणच दिलेलं नाही, मनूच्या सकाळच्या हात धुण्याच्या पाण्यात एक मासा येतो आणि पूर येणार एवढंच सांगतो. त्या नावेत प्राणी नाहीत. बिया आणि सप्तर्षी येतात ते महाभारताच्या वनपर्वात, जिथं ही कथा युधिष्ठिराला सांगतात ते मार्कंडेयच. तिथं मासा स्वतःला ब्रह्मा म्हणवतो. विष्णू होतो तो पुढच्या पुराणांत. कुराणात (११:२५ ते ४९) नूहचा (म्हणजे नोहाचा) एक मुलगा चढायला नकार देतो आणि बुडतो, उत्पत्तीत तिन्ही मुलं तारवात आहेत. उत्पत्तीच्या आतही ६:१९ मध्ये प्राण्यांची एकेक जोडी आणि ७:२ मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सातसात; हे दोन्ही तसंच उतरवा, जुळवून घेऊ नका. तारू ३०० हात लांब, उत्नपिश्तिमचं जहाज चारी बाजूंनी १२० हात. एक तरंगेल, दुसरं गोल गोल फिरेल.

उत्खननाचा विषय निघेलच. पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुलीला १९२९ मध्ये उरला गाळाचा जाड थर सापडला, शुरुप्पाक या दुसऱ्या सुमेरी नगरातही असा थर मिळाला. पण दोन्ही एका काळाचे नाहीत. नद्यांच्या खोऱ्यात पूर अनेक आले, एवढंच त्यातून कळतं.

गटाची शिस्त

ज्याचा ग्रंथ, वाचन त्याने करावं आणि 'आमच्याकडे याचा अर्थ असा सांगतात' हे आधी बोलावं. बाहेरचे प्रश्न त्यानंतर. पहिली दहा मिनिटं कुणी मध्ये तोडायचं नाही. 'मिथक' म्हणायचं तर चारही ओळींना म्हणा, नाहीतर एकीलाही म्हणू नका. स्वतःची कथा इतिहास आणि शेजाऱ्याची भाकड, असा सूर लागला की पुढच्या वेळी दोन खुर्च्या रिकाम्या असतात. गड्ड्याची जत्रा भरलेली असताना बैठक ठेवू नका, कुणी येत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत संपवा.

शेवटची बैठक सोलापूरवर घ्या. त्याच पाच रकान्यांत सिद्धरामेश्वर भरा: बाराव्या शतकातले शरण (वचनं रचणारे संत), खोदलेलं तळं, गावाभोवतीची ६८ लिंगं. इथं वचनं आहेत, परंपरा आहे आणि समोर तळंही आहे, त्यामुळे कुठल्या रकान्याला कशाचा आधार आहे हे नुसत्या डोळ्यांनी तपासता येतं. कागदावर तीन रंग वापरा: वचनातलं निळं, परंपरेतलं लाल, प्रत्यक्ष उभं असलेलं हिरवं. मग मागे जाऊन एरिदूच्या ओळीलाही तेच तीन रंग लावून बघा.