मॉरिशसच्या ऊसमळ्यांचा इतिहास अभ्यासताना: नव्या संशोधकांसाठी

मळ्यांच्या शेतीवर उभ्या राहिलेल्या वसाहतींचा अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा विचारतात, की सुरुवात कुठून करावी. माझे उत्तर असे, की एकच वसाहत निवडावी आणि तिच्या गव्हर्नरांऐवजी तिच्या पिकापासून आरंभ करावा. मी मॉरिशस निवडले, कारण गुलामगिरी, करारबद्ध मजुरी (म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने बांधून घेतलेली मजुरी) आणि जमिनीची फेरविभागणी हे टप्पे तिथे एकाच लहान बेटावर घडले आणि त्यांची कागदपत्रेही मोठ्या प्रमाणावर टिकून राहिली. शिवाय मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे राहतात.

तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर त्याचा उतारा घटतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. मळ्याच्या समाजाची रचना याच गोष्टीतून समजते. गाळप ज्याच्या हाती, त्याला हंगामात हुकमी मजूर लागतात आणि ते मिळवून देणारा कायदाही लागतो. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला खरा, पण १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. फ्रेंच काळात, विशेषतः १७३५ नंतर गव्हर्नर ला बुर्दोनेच्या कारकिर्दीत, साखरेला चालना मिळाली आणि मादागास्कर व मोझांबिकहून गुलाम आणले गेले; तरीही बेटाचे महत्त्व मुख्यतः बंदर म्हणून होते. इंग्रजांनी ते १८१० मध्ये जिंकले, म्हणून पुष्कळ जण तिथून नवे प्रकरण सुरू करतात. मला १८२५ हे वर्ष अधिक निर्णायक वाटते, कारण त्या वर्षी मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटिश आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका करण्यात आला आणि त्यानंतर बेटावर ऊस झपाट्याने पसरला.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. तेव्हा बेटावर सुमारे ६६ हजार गुलाम होते. नुकसानभरपाईचे सुमारे वीस लाख पौंड मालकांना मिळाले; ज्यांचे आयुष्य गुलामगिरीत गेले होते त्यांना काहीही मिळाले नाही, उलट ‘शिकाऊ’ म्हणून १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. दरम्यान नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर उतरले होते. १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर आले, आणि १८६१ च्या खानेसुमारीपर्यंत लोकसंख्येत त्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेले होते.

या काळासाठी मजुरांविषयीचे कायदे आधी वाचावेत आणि आठवणी व लोकगीते त्यानंतर, असे मी आग्रहाने सांगतो. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापणारी ‘डबल कट’ची पद्धत, १८६७ चा मजूर कायदा, करार संपलेल्या माणसालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती आणि तो नसल्यास भटका ठरवून होणारी अटक, यांतून मळ्याची सत्ता कुंपणाबाहेर कुठवर पोहोचली होती हे स्पष्ट दिसते. मजुरांची बाजू घेणारा मळेवाला आदोल्फ द प्लेवित्झ याने १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या वतीने अर्ज केला, त्यावरून शाही आयोग नेमला गेला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला. तो अहवाल सावकाश वाचावा. मजुरांची साक्ष तिथे दुभाष्यांच्या आणि कारकुनांच्या हातून आपल्यापर्यंत येते, तरीही तिच्यातला ताण जाणवल्याशिवाय राहत नाही.

मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत जहाज, वय, उंची, जात, जिल्हा आणि गाव यांच्या नोंदी सापडतात, आणि पुढच्या काळातील छायाचित्रेही आहेत. मराठी अभ्यासकाने इथे विशेष सावध राहावे. मुंबई बंदरातून निघालेला प्रत्येक जण मराठी नव्हता, आणि गावांची नावे कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली असल्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातले एखादे गाव ओळखण्यासाठी जुने नकाशे शेजारी ठेवावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केवळ आपल्या माणसांचा शोध घेत बसू नये. मुक्त झालेल्या गुलामांची अशी सविस्तर नोंद पुढे कोणी ठेवली नाही, आणि भारतीयांच्या भरघोस कागदांमुळे त्यांचा इतिहास झाकला जातो. पोर्ट लुईतला आप्रवासी घाट, म्हणजे करारबद्ध मजूर जिथे उतरत ती जागा, पाहणाऱ्याने ल मोर्नचा डोंगरही पाहावा, कारण पळून गेलेल्या गुलामांनी त्याचा आश्रय घेतला होता.

भाषांच्या बाबतीत फ्रेंचला पर्याय नाही. सरकार इंग्रजांचे असले तरी मळेमालकांचे व्यवहार, खरेदीखते आणि १८३२ पासून निघणारे त्यांचे ‘ल सेर्नेएं’ हे वृत्तपत्र फ्रेंचमध्येच होते. भारतातील बाजूसाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारापासून सुरुवात करता येते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला, पण त्यावरील भाषणे जरूर वाचावीत.

ज्यांना नवे काम करायचे आहे, त्यांना मी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे वळायला सांगतो. साखरेचे भाव घसरल्यावर मालकांनी कमी कसाच्या जमिनीचे तुकडे पाडून विकले, ते भारतीय कुटुंबांनी बचतीतून घेतले आणि त्यांतून छोटे ऊस उत्पादक उभे राहिले. गाळप मात्र मोठ्या मळ्यांकडेच राहिले. म्हणूनच १९३७ मध्ये ‘उबा’ जातीच्या उसाला कारखान्यांनी कमी भाव देऊ केला तेव्हा संताप उसळला आणि युनियन फ्लाक येथे गोळीबारात माणसे मेली. वर्षभर आधीच स्थापन झालेल्या मजूर पक्षाच्या वाटचालीत आणि १९६८ च्या स्वातंत्र्यापर्यंतच्या राजकारणात या छोट्या शेतकऱ्यांचे स्थान मोठे आहे. त्यांतील मराठी कुटुंबांनी जमीन कोणाकडून, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या कर्जावर घेतली, हे फ्रेंच खरेदीखतांतून एकेका गावापुरते शोधणे हा प्रबंधासाठी उत्तम विषय आहे.