बारा आकड्यांच्या पोटातली तारीख

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत आणि खजिनदार मी. मेंटेनन्सची शेवटची तारीख दर महिन्याची १०. गेल्या वर्षीपर्यंत माझा सगळ्यात कंटाळवाणा उद्योग हा की ज्यांनी नुसता यूपीआयचा रेफरन्स नंबर पाठवलाय, त्यांनी पैसे नेमके कधी भरले ते स्टेटमेंटमध्ये बोट फिरवत शोधायचं. बी विंगमधल्या एका काकांनी ठणकावून सांगितलं, "मी ९ तारखेलाच भरलेत." सोबत नंबर दिला होता. खरा नंबर इथं देत नाही, पण समजा तो ४१३६१९००४५७२ असा होता.

हा बारा आकडी नंबर रँडम वाटतो, पण तसा नसतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे ४ म्हणजे २०२४. पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात, इथं १३६वा. त्यानंतरचे दोन तासाचे असतात, पण त्यांच्या भरवशावर मी कधी राहिले नाही. उरलेले सहा अनुक्रमाचे. ही मांडणी कार्डांच्या जुन्या व्यवहारांपासून चालत आलेली आहे. माझ्याकडच्या नोंदी मी स्टेटमेंटशी ताडून पाहिल्या तेव्हा त्या जुळल्या, म्हणून वापरते. तुम्हीही आधी तुमच्या पाच-दहा नोंदी ताडून बघा, मगच पुढं जा.

एक सूचना आधीच: या नंबरमधून तारीख काढायचे एक्सेलचे फॉर्म्युले खाली देवनागरीत लिहिलेत. एक्सेलमध्ये टाइप करताना नावं, सेलचे पत्ते आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. गुगल शीट्समध्येही हेच फॉर्म्युले चालतात.

काम सुरू करण्यापूर्वी ए कॉलम निवडून त्याचं फॉरमॅट टेक्स्ट करा आणि मगच नंबर पेस्ट करा. हे उलट केलंत की वैताग सुरू. एक्सेलला साध्या फॉरमॅटमध्ये बारा आकडे दिले की ते ४.१३६१९ई+११ असलं काहीतरी दाखवतं. दिसायला नंबर हरवलेला, पण आत तो शाबूत असतो. गंमत संपते ती फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर म्हणून, सेव्ह केल्यावर, कारण तिथं जे दिसतं तेच साठवलं जातं. माझा एक अख्खा महिना असा गेला. तारखेचे चार आकडे वाचले, पण शेवटचे सहा शून्य झाल्याने पावतीवर घालायला नंबर उरला नाही. सगळ्यांना पुन्हा मेसेज करावे लागले, आणि "मॅडम, एकदा दिलाय ना" हे मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

आता मूळ फॉर्म्युला. ए२ मध्ये नंबर आहे असं धरा:

=डेट(२०२०+लेफ्ट(ए२,१),१,मिड(ए२,२,३))

लेफ्ट डावीकडून एक आकडा घेतो. मिड दुसऱ्या जागेपासून तीन आकडे उचलतो. खरी करामत डेटची. त्याला वर्ष, महिना, दिवस द्यायचा असतो आणि आपण सांगतो, "२०२४ च्या जानेवारीचा १३६वा दिवस." जानेवारीत १३६ दिवस नसतात हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो ३१ संपले की फेब्रुवारीत, मग मार्चमध्ये असा पुढं सरकत जातो आणि १५ मे २०२४ वर येऊन थांबतो. लीप वर्षाचा हिशोबही तोच करतो. १२३वा दिवस २०२३ मध्ये ३ मे होता, २०२४ मध्ये २ मे. बोटांवर मोजायला गेलात तर नेमके इथंच फसाल.

उत्तरात ४५४२७ असा आकडा दिसला तर घाबरू नका, तीच तारीख आहे, एक्सेलच्या स्वतःच्या मोजणीत. सेलचं फॉरमॅट डेट केलं की १५ मे दिसेल. आणि महिना-दिवसाचे तुकडे तिरप्या रेघांनी जोडून तारीख बनवायचा मोह आवरा. ०५/०२ म्हणजे कुणाच्या कॉम्प्युटरवर ५ फेब्रुवारी, कुणाच्या २ मे. डेटमध्ये हा घोळ होत नाही.

मूळ फॉर्म्युल्यातलं २०२० मात्र खटकतं. जुनी फाइल उघडली आणि नंबर ९ ने सुरू झाला की तो सरळ २०२९ दाखवतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं, त्यामुळे सोसायट्यांकडे २०१९ च्या नोंदी सहज सापडतात. माझा उपाय असा: एच१ मध्ये त्या हिशोबाचं आर्थिक वर्ष ज्या साली संपतं तो साल लिहायचा. २०२३-२४ ची वही असेल तर २०२४. मग:

=डेट($एच$१-मॉड($एच$१-लेफ्ट(ए२,१),१०),१,मिड(ए२,२,३))

मॉड दहाने भागल्यावर उरणारी बाकी देतो. म्हणजे एच१ पासून मागं जात त्या आकड्यावर संपणारं सगळ्यात जवळचं वर्ष घ्यायचं. ३ आला तर २०२३, ४ आला तर २०२४, ९ आला तर २०१९. काही जण एच१ च्या जागी टुडे वापरतात. मला ते पटत नाही. वहीतली तारीख आज कुठला दिवस आहे त्यावर ठरू लागली तर काही वर्षांनी तीच फाइल वेगळं बोलेल, आणि ऑडिटरसमोर उभं मला राहायचं असतं.

२०२० च्या नोंदींची वेगळीच गोष्ट. तेव्हाचे नंबर शून्याने सुरू होतात आणि टेक्स्ट फॉरमॅट नसेल तर एक्सेल पुढचं शून्य गिळून टाकतं. एप्रिलच्या आठ तारखेपर्यंतच्या नोंदींत दिवसाचा आकडाही शंभराच्या आत असतो, म्हणून तिथं दोन किंवा तीन शून्यं जातात. अशा फाइलसाठी शेजारच्या बी कॉलममध्ये =टेक्स्ट(ए२,"००००००००००००") लिहा, अवतरणात बारा शून्यं, आणि पुढचे फॉर्म्युले बी२ वर चालवा. हे फक्त त्या वर्षासाठी. एरवी एखाद्याने एक आकडा गाळून नंबर दिला तर ही शून्यं त्याची चूक झाकतील आणि मेची नोंद भलत्याच वर्षात जाऊन बसेल.

चुका पकडायला एक चाळणी हवीच. डेट फार समजूतदार आहे. त्याला ५१२वा दिवस दिला तरी तक्रार न करता तो पुढच्या वर्षातली तारीख काढून देतो. म्हणून:

=इफ(ऑर(लेन(ए२)<>१२,मिड(ए२,२,३)*१<१,मिड(ए२,२,३)*१>३६६),"तपासा",वरचा फॉर्म्युला)

'वरचा फॉर्म्युला'च्या जागी आधीचा अख्खा फॉर्म्युला, फक्त सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह काढून. काही अ‍ॅप स्वतःचाही एक लांबलचक आयडी दाखवतात आणि लोक तोच पाठवतात. तो इथं "तपासा"त अडकतो किंवा एरर देतो. दोन्ही चालेल.

आरटीजीएस त्या मानाने फारच सरळ. रंगकामाच्या कंत्राटदाराला मोठी रक्कम दिली तेव्हा त्याचा २२ अक्षरी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, आला. पहिली चार अक्षरं बँकेची, मग आरटीजीएसचं एक अक्षर, मग एक खूण, आणि सातव्या जागेपासून पूर्ण तारीख: चार आकडे वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे.

=डेट(मिड(ए२,७,४),मिड(ए२,११,२),मिड(ए२,१३,२))

मोबाइलच्या फोटोंच्या किंवा बिलांच्या नावात २०२४०५१५ अशी तारीख असेल तर हाच साचा, फक्त सुरुवातीची जागा बदलायची. एनईएफटीला मी हात लावत नाही, तिथं थेट स्टेटमेंट उघडते.

तारीख निघाली म्हणजे पैसे जमा झाले असं नाही. फसलेल्या व्यवहारालाही नंबर मिळतो. म्हणून डी कॉलममध्ये स्टेटमेंटची तारीख ठेवते आणि सी मध्ये नंबरमधून काढलेली. =अ‍ॅब्स(सी२-डी२)<=१ याचं उत्तर खोटं (एक्सेलच्या भाषेत फॉल्स) आलं की ती ओळ पिवळी. एका दिवसाची सूट मध्यरात्रीच्या आसपास भरणाऱ्यांसाठी.

काकांचे पैसे १५ मेलाच आले होते, स्टेटमेंटही तेच म्हणत होतं. त्यांनी उशिराचा आकार भरला आणि आता ते नंबर वाचायला सोपा जावा म्हणून चार-चारच्या गटात लिहून पाठवतात: ४१६१ ०८०० ३३१९. चाळणी त्याला दर महिन्याला "तपासा" म्हणायची. त्यांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून बी कॉलममध्ये =सब्स्टिट्यूट(ए२," ","") टाकून मोकळी जागा मीच काढते आणि तारीख बी२ वरून घेते.