राज्याचा निकाल शहर आणि उपनगरांच्या अंगाने कसा वाचावा

‘शहरे एका बाजूला गेली, गावे दुसऱ्या बाजूला’ हे विधान प्रत्येक मतमोजणीनंतर कानावर येते. ते खरे आहे की नाही, हे घरबसल्या तपासता येते. त्यासाठी थोडी चिकाटी, एक तक्ता आणि निवडणूक आयोगाने सर्वांसाठी खुली ठेवलेली आकडेवारी पुरते. महाराष्ट्र विधानसभेची २०२४ची निवडणूक समोर ठेवून ही पद्धत येथे सांगितली आहे.

सुरुवात मतदारसंघांच्या यादीने करावी, आणि ती यादी जिल्ह्यांच्या नावांवरून करू नये. ठाणे जिल्ह्यात १८ जागा आहेत, पण शहापूर त्यांतच येते आणि त्याला शहरी म्हणणे धाडसाचे ठरेल. मुरबाड हे नाव डोंगराळ तालुक्याचे वाटते. प्रत्यक्षात त्या मतदारसंघात बदलापूर आहे, आणि बदलापूरकर रोज लोकल पकडून मुंबईला कामाला जातात. रायगड जिल्ह्यातील पनवेलमध्ये खारघर आणि कामोठे येतात, तर पालघर जिल्ह्यातील नालासोपारा हे मुंबईचेच लांबलेले उपनगर आहे. म्हणून २८८ जागांपुढे ‘जुने शहर’, ‘उपनगर’, ‘शहराच्या वेशीवरचे’ आणि ‘ग्रामीण’ अशा खुणा स्वतःच्या हाताने कराव्यात. निम्म्याशा जागांवर मन घुटमळेल. तेथे खूण करण्याची घाई करू नये, कारण निकालाचे मर्म बहुधा याच जागांत सापडते.

ही विभागणी झाली की जागा मोजाव्यात. २०२४मध्ये मुंबई शहर जिल्ह्यातील १० जागांपैकी महायुतीला (भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी) ४ मिळाल्या. मुंबई उपनगर जिल्ह्यातील २६ पैकी १८, आणि ठाणे जिल्ह्यातील १८ पैकी १६. म्हणजे चर्चगेटकडून कल्याणच्या दिशेने जावे तसतसा निकालाचा रंग गडद होत गेला. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला राज्यभरात २० जागा मिळाल्या, त्यांतील १० एकट्या मुंबईतल्या होत्या. ‘शहरे महायुतीची’ हे वाक्य या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. ‘मुंबईच्या वेशीबाहेरची शहरे महायुतीची’ असे म्हटले तर निदान ठाण्यापुरते ते टिकते. तरीही सरासरीवर विसंबू नये. मलबार हिल आणि कुलाबा जुन्या शहरातच आहेत आणि तेथे भाजप जिंकला. मानखुर्द-शिवाजीनगर उपनगरात आहे आणि तेथे समाजवादी पक्ष जिंकला. अंतरापेक्षा वस्तीची घडण अधिक बोलते.

यानंतर जागेचे वजन पाहावे. आजचे मतदारसंघ २००१च्या जनगणनेवर आखलेले असून २००८च्या पुनर्रचनेनंतर ते अमलात आले. त्या वेळी मुंबई शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगराच्या १७ वरून २६ झाल्या. तेव्हा अखंड असलेल्या ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४ झाल्या. लोकसंख्या सरकली तशी सत्ताही सरकली. मात्र त्यानंतर नवी उपनगरे वाढतच राहिली आणि जागा जिथल्या तिथे राहिल्या. परिणामी २०२४मध्ये चिंचवड आणि पनवेल येथे प्रत्येकी सहा लाखांहून अधिक मतदार होते, तर वडाळ्यात सुमारे दोन लाख. तिघांनाही आमदार मात्र प्रत्येकी एकच. त्यामुळे उपनगरांचा प्रभाव मोजताना जागांचा रकाना आणि मतांचा रकाना वेगवेगळा ठेवावा; जागांच्या रकान्यात नवे उपनगर आपल्या आकारापेक्षा लहान दिसते.

लोकसभेचा निकाल हाताशी असेल तर तो विधानसभा क्षेत्रांनुसार फोडून पाहावा. याचा सर्वांत बोलका नमुना बारामतीचा आहे. या लोकसभा मतदारसंघात खडकवासला हे विधानसभा क्षेत्र येते; त्यात धायरीसारखी पुण्याची दक्षिणेकडची उपनगरे आहेत आणि सिंहगडाच्या पायथ्याची गावेही आहेत. २०२४मध्ये सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या, पण सहापैकी खडकवासल्यात मात्र अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार पुढे होत्या. घराणे एक, प्रचार एकच. तरी ऊसपट्ट्याने एक कौल दिला आणि सोसायट्यांनी दुसरा. २०१९मध्येही खडकवासल्यात सुळे मागे पडल्या होत्या, तेव्हा विरोधात भाजपचा उमेदवार होता. उमेदवार बदलला, कल बदलला नाही, याचा अर्थ हा कल व्यक्तीचा नसून वस्तीचा आहे, असे मी तरी समजतो.

खरी मेहनत येथून पुढे आहे. प्रत्येक मतदारसंघाचा ‘फॉर्म २०’ राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक मतदान केंद्र आणि प्रत्येक रकाना म्हणजे एक उमेदवार. शेवटी ‘नोटा’, एकूण मते आणि टपाली मतांची वेगळी ओळ असते. फाइल अनेकदा तिरकी स्कॅन केलेली असते, तेव्हा आकडे हाताने उतरवून घ्यावे लागतात. केंद्राचा पत्ता शाळेचा असतो. त्या शाळेत कोणत्या इमारती, चाळी किंवा वाड्यांतील लोक मतदानाला येतात, हे त्या भागाच्या मतदार यादीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते. हे पान न पाहता केवळ शाळेच्या नावावरून वस्ती ठरवणारा माणूस फसतो, कारण एकाच शाळेच्या खोली क्रमांक २ मध्ये टॉवर मतदान करतो आणि खोली क्रमांक ५ मध्ये झोपडपट्टी. २०२४मध्ये काही मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच केंद्रे दिली गेली, त्यामुळे हे काम त्या भागांत सोपे झाले. मात्र त्यामुळेच तेथील केंद्रांची २०१९शी थेट तुलना करता येत नाही.

मतदानाच्या टक्केवारीकडे सावधपणे पाहावे. राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, कोल्हापूरजवळच्या करवीरमध्ये ८० टक्क्यांहून अधिक, आणि कुलाब्यात ४५ टक्क्यांच्या आत. याचे खापर लगेच शहरी आळसावर फोडले जाते. पण घर बदलून गेलेल्यांची नावे जुन्या यादीत राहतात. छेद, म्हणजे यादीतील मतदारांची संख्या, फुगलेला असला की टक्केवारी आपोआप खाली येते. म्हणून टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष मते किती वाढली किंवा घटली, हेही लिहावे.

तुलनेची मर्यादा २००९ ही धरावी. त्याआधीच्या सीमाच वेगळ्या होत्या. शिवसेना २०२२मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३मध्ये फुटल्यामुळे पक्षांच्या नावाने केलेली तुलना दिशाभूल करते. त्याऐवजी आघाड्यांची बेरीज घ्यावी. पोटनिवडणुकीला फार वजन देऊ नये. २०२३मध्ये एकाच दिवशी पुण्यातील कसबा पेठ काँग्रेसने जिंकले आणि चिंचवड भाजपने राखले, तेव्हा पेठा आणि उपनगर यांच्यातील दरीवर बरेच बोलले गेले. चिंचवडमध्ये बंडखोर अपक्षाने विरोधी मते फोडली होती, ही बाब त्यात मागे पडली, आणि पुढच्याच वर्षी कसबा पुन्हा भाजपकडे गेला. वसई-विरारसारख्या ठिकाणी तर स्थानिक पक्षाचा वेगळा रकानाच ठेवावा. बहुजन विकास आघाडीने २०१९मध्ये तेथील आणि बोईसरची मिळून तीन जागा जिंकल्या आणि २०२४मध्ये तिन्ही गमावल्या. ती मते दोन्ही आघाड्यांच्या बाहेरची असल्याने कोणत्याही एका बाजूला जोडली की तक्ता चुकतो.