चौथ्या वर्षाची रोटेशन्स लावताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलमध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या वेळापत्रकाचा (कोणत्या महिन्यात कोणत्या विभागात रोटेशन, म्हणजे काम करायचं याचा) फॉर्म येतो तो नेमका चुकीच्या वेळी. तिसऱ्या वर्षाच्या क्लर्कशिप (वॉर्डातली सक्तीची रोटेशन्स) चालू असतात, सर्जरीचे राउंड्स पहाटे पाचला असतात, आणि मग फॉर्म रात्री अकराला मित्राचं बघून भरला जातो. मी तसाच भरला. जुलैत सुट्टी, ऑगस्टमध्ये रेडिओलॉजी, आणि ज्या विषयात रेसिडेन्सीसाठी (पदवीनंतरच्या प्रशिक्षणासाठी) अर्ज करायचा त्या इंटरनल मेडिसिनची सब-इंटर्नशिप, म्हणजे इंटर्नसारखी जबाबदारी घेऊन केलेलं रोटेशन, ऑक्टोबरमध्ये. सप्टेंबरात लेटर (शिफारसपत्र) मागायला बसलो तेव्हा कळलं, की मला नीट ओळखणाऱ्या मेडिसिनच्या अटेंडिंगला (वरिष्ठ डॉक्टरला) भेटून दहा महिने झाले होते.

वर्ष जुलैपासून मोजणं

तुमचं खरं वर्ष सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संपतं. ईरास या पोर्टलवर रेसिडेन्सीचा अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीपासून पाठवता येतो आणि महिन्याच्या शेवटी प्रोग्रॅम्सना तो उघडता येतो. कॉलेजकडून जाणारं डीनचं पत्रही तेव्हाच पोचतं. त्यानंतर केलेलं रोटेशन कितीही चांगलं झालं तरी अर्ज पहिल्यांदा चाळणाऱ्याला ते दिसत नाही. मॅच डे, म्हणजे कोणाला कुठली जागा मिळाली ते कळण्याचा दिवस, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी असतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे असं वाटतं, आणि फसायला होतं ते तिथेच. कॅलेंडर घ्या, सप्टेंबरच्या शेवटावर रेघ मारा आणि उलटे चार-पाच ब्लॉक (एकेका रोटेशनचे महिने) मोजा. सब-आय (सब-इंटर्नशिप), अवे (दुसऱ्या हॉस्पिटलातलं रोटेशन) आणि स्टेप टू (डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेचा दुसरा टप्पा) हे सगळं त्या रेघेच्या अलीकडे बसलं पाहिजे. युरोलॉजी आणि ऑप्थॅल्मॉलॉजीचा मॅच वेगळा आणि आधी होतो, त्यांची रेघ आणखी अलीकडे. स्त्रीरोग शाखेने २०२४ पासून अर्जाचं पोर्टलच बदललं आहे, तेव्हा दोन वर्षं पुढे असलेल्या सीनियरचा सल्ला तपासून घ्या.

सब-आय गंजलेल्या हातांनी सुरू करणं

उशीर वाईट, तशी घाईही वाईट. सहा आठवडे स्टेप टूसाठी खोलीत कोंडून घेतलं आणि सोमवारी थेट वॉर्डात उभं राहिलं, तर पहिला आठवडा ऑर्डर कुठे टाकायची ते आठवण्यातच जातो. मेडिसिनवाल्यांनी आधी कार्डिओलॉजी कन्सल्टसारखा एखादा ब्लॉक घ्यावा आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये सब-आय करावी. जुलैत नवे इंटर्न असतात, सीनियरचं लक्ष त्यांच्याकडे जातं, म्हणून काहीजण तो महिना टाळतात. मला उलट वाटतं. इंटर्नच गोंधळलेला असतो तेव्हा आपले तीन पेशंट चोख सांभाळणारा विद्यार्थी पटकन नजरेत भरतो.

ब्लॉक लावला म्हणजे लेटर मिळालं असं धरणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ब्लॉक चार आठवड्यांचा, पण अटेंडिंग दर एक-दोन आठवड्यांनी बदलतो. चौघांनी आठवडाभर पाहिलं, म्हणजे नीट कोणीच पाहिलं नाही. रोटेशन सुरू होण्याआधी कोऑर्डिनेटरला विचारा की त्या महिन्यात सर्व्हिसवर कोण कोण आहे, आणि कोणीतरी सलग दोन आठवडे असेल असा ब्लॉक शक्यतो मागा.

मग प्रश्न मागण्याचा. मोठ्यांसमोर स्वतःचं कौतुक करायचं नाही, काही मागायचं नाही, हे आपल्या घरांत इतकं मुरलेलं असतं की आपण दारात घुटमळतो आणि तीन आठवड्यांनी लाजत ईमेल टाकतो. शेवटच्या आठवड्यात समोरासमोर विचारा, आणि शब्दही नेमके वापरा: ‘माझ्यासाठी ठाम लेटर लिहू शकाल का?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार लेटर्स जातात, त्यातलं एक कोमट लेटर जागा अडवतं.

इमर्जन्सी मेडिसिनचा मामला वेगळा. तिथे ठरावीक नमुन्यातलं मूल्यमापन लागतं आणि ते त्या विभागात रोटेशन केल्याशिवाय मिळत नाही.

सगळ्यांनी केलं म्हणून अवे

ऑर्थो, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, इमर्जन्सी इथे अवे जवळजवळ धरूनच चालतात. मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्सला त्याची सहसा गरज नसते. ठरावीक शहरात जायचंच असेल तर एक करा. आधी स्वतःच्या हॉस्पिटलात सब-आय, मग अवे. चुका घरी करून घ्याव्यात, पाहुणे म्हणून गेल्यावर नाही.

अवे अडतो तो बहुतेक वेळा कागदांवर. अर्ज व्हीएसएलओ या पोर्टलवर होतो; लसींच्या नोंदी, टीबीची चाचणी, पार्श्वभूमीची तपासणी मागतात. हिपॅटायटिस बीची अँटिबॉडी पातळी कमी निघाली तर डोस आणि पुन्हा चाचणी यात महिना-दोन महिने जातात. म्हणून ती चाचणी जानेवारीतच करून टाका. तिसरा-चौथा अवे करण्यापेक्षा घरभाड्याचे ते पैसे वाचवा, असं माझं मत.

स्टेप टू सब-आयच्या महिन्यात

जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला गुण नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे आकडा बघायचा तर स्टेप टूचा. निकालाला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून जुलैअखेर परीक्षा झालेली बरी. सब-आयमध्ये आठवड्याला सहा दिवस जातात, त्यात अभ्यास होत नाही. हलका इलेक्टिव्ह (ऐच्छिक रोटेशन) किंवा मोकळा ब्लॉक त्यासाठीच ठेवा.

मुलाखती ऑक्टोबर ते जानेवारी, बहुतेक व्हिडिओवर. तिथे आयसीयू लावू नका. मी वाया घालवलेली रेडिओलॉजी नोव्हेंबरमध्ये सोन्यासारखी ठरली असती.

फॉर्म आधीच चुकलाय?

रजिस्ट्रारला ब्लॉक सोडायची मुदत विचारा आणि वर्गाच्या ग्रुपवर अदलाबदलीचा मेसेज टाका; कोणाला तरी ऑक्टोबर हवाच असतो. मला अदलाबदल मिळाली नाही. मग तिसऱ्या वर्षीच्या अटेंडिंगला मी लिहिलं, सोबत आम्ही मिळून पाहिलेल्या दोन पेशंटची आठवण आणि तिने तेव्हा दिलेलं लेखी मूल्यमापन जोडलं. तिने आठवड्यात लेटर दिलं. मुख्य अर्ज एकदा पाठवला की बदलत नाही, पण लेटर नंतर जोडता येतं, म्हणून चौथी जागा मी रिकामी ठेवली आणि ऑक्टोबरच्या सब-आयचं लेटर नोव्हेंबरात तिथे घातलं.

महाराष्ट्रात एमबीबीएस करून इथे अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी एवढंच: पेशंटला हात लावू देणारा इलेक्टिव्ह विद्यार्थी असतानाच करा. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी फक्त ऑब्झर्व्हरशिप मिळते, आणि बाजूला उभं राहून पाहणाऱ्याबद्दल अटेंडिंग तरी काय लिहिणार?

रँक लिस्ट (प्रोग्रॅम्सच्या पसंतीक्रमाची यादी) गेली की वसंतात काय करायचं याची फार चिंता करू नका. आंब्याच्या दिवसांत घरी जाऊन या. फक्त परतीचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यापलीकडचं काढू नका, इंटर्नचं ओरिएंटेशन जूनच्या मध्यालाच सुरू होतं.