हिवाळ्याआधी बोटीच्या इनबोर्ड (आत बसवलेल्या) इंजिनातलं पाणी कसं काढावं

पाणी गोठलं की साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. इंजिनाचा बिडाचा ब्लॉक तेवढा ताणला जात नाही, तडकतो. तडा गेलाय हे कळतं थेट वसंतात, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी साठू लागलं किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं की. म्हणून पहिली कडक थंडी पडण्याआधीच हे काम उरका.

आधी इंजिनाचं कूलिंग कोणतं ते पाहा. बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल तर सगळंच रिकामं करायचं. हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्याने कूलंट थंड करणारा भाग) असेल तर ब्लॉकमध्ये कूलंट असतो. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर तो सुमारे उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत टिकतो. रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंटचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने) खात्री करून घ्या. पण अशा इंजिनातही एक्स्चेंजरची बाहेरच्या पाण्याची बाजू, रॉ वॉटर पंप (बाहेरचं पाणी ओढणारा) आणि एक्झॉस्टमध्ये पाणी असतंच. ‘कूलंट आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचे एक्स्चेंजर फुटतात ते याच बाजूने.

इंधन आणि ऑइल

पेट्रोलच्या टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) टाका. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. मग टाकी साधारण ९५ टक्के भरा. डिझेल असेल तर टाकी भरून बायोसाइड (जंतुनाशक) टाका आणि वॉटर सेपरेटरच्या (इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) तळाचं पाणी सोडा. पेट्रोल इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर (बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा, बिल्जमध्ये पेट्रोलची वाफ साठलेली असू शकते.

बोट जमिनीवर असेल तर सक्शन होज (रॉ वॉटर पंपाची पाणी ओढणारी नळी) मोठ्या बादलीत सोडा आणि बादलीत नळ चालू ठेवा. पंपाला हवं तेवढं पाणी तो स्वतः ओढतो. नळाचा होज थेट इंजिनाला जोडू नका. इंजिन थांबलं आणि नळ चालू राहिला, तर पाणी एक्झॉस्ट भरून सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. इंजिन १० ते १५ मिनिटं चालवा, म्हणजे स्टॅबिलायझर मिसळलेलं पेट्रोल कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोहोचतं. समुद्राच्या पाण्यात चाललेल्या इंजिनातलं मीठही या गोड्या पाण्याने निघतं.

गरम असतानाच ऑइल बदला. डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढलं की झालं. फिल्टरही बदला. ऑइल बदलणं वसंतावर ढकलू नका. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहते. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ निघालं तर त्यात पाणी शिरलंय. ते कुठून शिरतंय हे आत्ताच शोधा.

नवीन ऑइल भरून इंजिन पुन्हा थोडा वेळ चालवा. पेट्रोलचं कार्ब्युरेटर इंजिन असेल तर शेवटच्या मिनिटात फास्ट आयडलवर (जरा जास्त वेगात) फॉगिंग ऑइल (आतल्या भागांना गंजापासून वाचवणारं ऑइल) फवारा आणि इंजिन बंद करा. इंजेक्शनच्या इंजिनाला कंपनीच्या पुस्तकात दिलेलीच पद्धत वापरा. डिझेलमध्ये चालू इंजिनात फॉगिंग ऑइल कधीही फवारू नका. डिझेल इंजिन ते इंधन म्हणूनच जाळतं आणि बेकाबू धावू शकतं.

पाणी काढणं: खरं काम इथे आहे

किल्ली काढून घ्या. व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनात सहसा ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रेन प्लग असतो आणि दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळांखाली) एकेक. काही इंजिनांत प्लगच्या जागी नॉक सेन्सर बसवलेला असतो, तोही काढावा लागतो. शिवाय सर्क्युलेटिंग पंपाचा (ब्लॉकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) सगळ्यात खालचा जाड होज, ऑइल कूलर आणि पॉवर स्टीअरिंग कूलरचे होज सोडा.

प्लग काढला आणि पाणी आलं नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. गंज आणि रेती भोकापाशी घट्ट बसते. ताठ तार आत घालून ढवळा, बऱ्याचदा मग भळभळून पाणी येतं. दोन्ही बाजूंचं पाणी वेगवेगळ्या बादल्यांत धरा. एका बादलीत चार लिटर आणि दुसरीत जेमतेम पेलाभर असेल, तर दुसरी बाजू तुंबलीय. काढलेले सगळे प्लग एका पिशवीत ठेवा.

रॉ वॉटर पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी पात्यांचं चाक) काढा. एकाच स्थितीत महिने बसला की पाती वाकलेली ती तशीच राहतात. गाळणीचं भांडं रिकामं करा. वॉटरलॉक मफलरलाही (एक्झॉस्टमधलं पाणी साठणाऱ्या डब्यालाही) ड्रेन असतो, तो विसरला की प्लास्टिकचं मफलर फुटतं. बोट जमिनीवर असेल तर सी-कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवा. बॉल व्हॉल्व्ह असेल तर एकदा अर्धवट फिरवा, बॉलच्या पोकळीत अडकलेलं पाणी तेव्हाच निघतं. पाण्यात असलेल्या बोटीचा सी-कॉक मात्र आधीच बंद हवा. हीट एक्स्चेंजरचा झिंक (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदला.

गुलाबी अँटीफ्रीझ

प्रॉपिलिन ग्लायकॉलचंच घ्या. ते एथिलीन ग्लायकॉलइतकं विषारी नाही आणि बाहेरच्या पाण्याच्या मार्गातलं द्रव वसंतात बाहेरच पडणार असतं. डब्यावरचा ‘उणे ५०’ आकडा बहुधा फॅरेनहाइटमध्ये, आणि पाईप फुटण्याचा असतो, गोठण्याचा नव्हे. ते खूप आधीच लगद्यासारखं होतं. ब्लॉकमध्ये उरलेलं पाणी त्यात मिसळलं की संरक्षण आणखी घटतं. म्हणूनच आधी निचरा, मग अँटीफ्रीझ.

सर्रास होणारी चूक अशी: बादलीतून अँटीफ्रीझ ओढायचं आणि एक्झॉस्टमधून गुलाबी रंग आला की थांबायचं. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर उघडणारी झडप) बंद असेल तर ते ब्लॉकला वळसा घालून सरळ एक्झॉस्टकडे जातं आणि ब्लॉकमध्ये जुनं पाणी तसंच राहतं. त्याऐवजी प्लग बसवून थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा होज सोडा आणि त्यातून हाताने ओता. मग खालचा प्लग जरा सैल करा, दाट गुलाबी आलं की घट्ट करा. फिकट आलं तर अजून ओता. मॅनिफोल्डही असेच भरा. व्ही-८ साठी १५ ते २० लिटर जवळ असू द्या.

बाकीचं

बॅटरी पूर्ण चार्ज करून काढून ठेवा, १२ व्होल्टच्या लेड बॅटरीला विसावल्यावर १२.६ च्या वर दिसायला हवं. उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खालीच गोठते. महिन्यातून एकदा चार्ज करा. बेल्ट सैल करा. एक्झॉस्टचं तोंड आणि हवेची वाट चिंधीने बंद करा, उंदीर आणि ओल दोन्ही बाहेर राहतात.

शेवटी इग्निशनच्या किल्लीला एक चिठ्ठी बांधा: इम्पेलर काढलाय, सी-कॉक उघडा, एक्झॉस्टमध्ये चिंधी, बेल्ट सैल. प्लग परत बसवले नसतील तर त्यांची पिशवीही तिथेच अडकवा.