जुन्या ब्रिटिश टीव्हीची एक संध्याकाळ घरच्या घरी कशी जमवायची

पहिल्यांदा केलं तेव्हा मी सगळंच चुकवलं होतं. चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, दोन पौंडाला एका जुन्या कॉमेडीचा अख्खा बॉक्ससेट उचलला, इंग्लंडमधल्या रीडिंग या गावातल्या आमच्या छोट्याशा घरात तीन-चार मराठी कुटुंबं बोलावली आणि सहा वाजता पहिली डिस्क लावली ती ओळीने पाच एपिसोड. तिसऱ्याला अर्धी मंडळी मोबाइलमध्ये, चौथ्याला एक काका सोफ्यावर घोरायला लागले आणि पाचव्याला बायकोने विचारलं की या सिरीयलमधली सगळीच माणसं एवढी बुटकी आणि रुंद का आहेत, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की टीव्हीने पिक्चर आडवं ताणून ठेवलंय. सहावी डिस्क तर बॉक्समध्ये नव्हतीच, पण ती शोधायची वेळ आली नाही.

त्यानंतर सात-आठ वेळा केलंय आणि आता बऱ्यापैकी जमतं. मुख्य गोष्ट एवढीच कळली की त्या काळी कुणी एकच सिरीयल सलग बघत नव्हतं, आठवड्याला एक एपिसोड यायचा आणि त्याच्या आगेमागे भलतंच काहीतरी असायचं, बातम्या, नाटक, टेनिस, आणि लोक ते सगळं बघायचे कारण चॅनल मोजकेच होते. म्हणून आपणही एपिसोड नाही, संध्याकाळ लावायची. ताट वाढतो तसं, थोडं थोडं सगळं.

आधी काळ ठरवा

बीबीसीची रोजची टीव्ही सेवा २ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली, युद्धामुळे १ सप्टेंबर १९३९ ला बंद पडली ती थेट जून १९४६ मध्ये परत आली. पण त्या काळातलं बघायला जवळजवळ काहीच मिळत नाही कारण बरंचसं लाइव्ह होतं, हवेत गेलं आणि संपलं. जाहिरातींवर चालणारं आयटीव्ही १९५५ मध्ये आलं, बीबीसी टू १९६४ मध्ये. रंग पहिल्यांदा बीबीसी टू वर जुलै १९६७ मध्ये दिसले, विम्बल्डनच्या मॅचेसपासून, आणि तेव्हा त्या चॅनलचा प्रमुख कोण होता तर डेव्हिड अॅटनबरो, आपला तो गोरिलांच्या शेजारी बसून कुजबुजणारा. बीबीसी वन आणि आयटीव्ही नोव्हेंबर १९६९ मध्ये रंगीत झाले.

हे सांगायचं कारण म्हणजे मला जमलेली सगळ्यात चांगली युक्ती यातच आहे. संध्याकाळ ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सुरू करायची आणि मध्येच कुठेतरी रंगात न्यायची. तासभर करडं बघितल्यावर डोळे त्याला सरावतात आणि मग अचानक सत्तरच्या दशकातला तो केशरी-चॉकलेटी वॉलपेपर समोर आला की खोलीतले सगळे एकदम हसतात. त्या काळी रंगीत टीव्हीचं लायसन्ससुद्धा (टीव्ही बघायचा वार्षिक परवाना) वेगळं होतं, १९६८ मध्ये साधं पाच पौंड आणि रंगीत दहा. म्हणजे रंग ही चैन होती, ती उशिराच आलेली बरी.

यादी लहान ठेवा

चार कार्यक्रम, फार तर पाच. बीबीसीची कॉमेडी साधारण अर्ध्या तासाची, आयटीव्हीची जाहिराती वगळून पंचवीसेक मिनिटं, ड्रामा पन्नास मिनिटं. मी साधारण असं लावतो.

सुरुवातीला तीन मिनिटांची एक गंमत. १ एप्रिल १९५७ ला बीबीसीच्या 'पॅनोरामा' या अगदी गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या स्पॅगेटीच्या पिकावर एक बातमी दाखवली होती, बायका झाडावरून शेवया तोडून उन्हात वाळत घालतायत आणि रिचर्ड डिंबलबी, ज्याच्या आवाजावर अख्खा देश विश्वास ठेवायचा, तो शांतपणे सांगतोय की यंदा पीक चांगलं आलंय. लोकांनी बीबीसीला फोन करून विचारलं की हे झाड कसं लावायचं. पाहुण्यांना आधी काही सांगू नका, गपचूप लावा आणि कोण पहिलं हसतं ते बघा. आमच्याकडे एका मावशींनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला, कारण त्यांच्या माहेरी शेवया गच्चीत अशाच काठीवर वाळत घालायचे.

मग 'डॉक्टर हू' या काळातून प्रवास करणाऱ्या माणसाच्या सिरीयलचा अगदी पहिला भाग. २३ नोव्हेंबर १९६३, शनिवार संध्याकाळ, आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, त्यामुळे कुणाचं धड लक्ष नव्हतं आणि बीबीसीने पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला. पंचवीस मिनिटांचा आहे आणि आजही पकड घेतो, भंगाराच्या आवारात उभी असलेली पोलीस बॉक्स (पोलिसांना फोन करायची छोटी खोली) आणि दोन शिक्षक. आमच्या शेजारचे इंग्रज आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते, ते आम्हाला सोफ्यामागे कसं लपून बघायचे ते दाखवायला खरंच सोफ्यामागे गेले आणि उठताना गुडघा धरून बसले.

तिसरं 'डॅड्स आर्मी'. १९६८ ते १९७७, ऐंशी एपिसोड, युद्धकाळातल्या एका गावातले म्हातारे दुकानदार आणि बँकेचा मॅनेजर मिळून हिटलरला थोपवायची तयारी करतात. सुरुवातीचं गाणं युद्धातलंच असेल असं सगळ्यांना वाटतं पण ते सिरीयलसाठी नवीन लिहिलेलं आहे, फक्त गाणारा बड फ्लॅनगन त्या जुन्या काळातला आणि सिरीयल सुरू झाली त्याच वर्षी तो गेला. पहिल्या दोन सिरीज ब्लॅक अँड व्हाइट, पुढच्या रंगीत, म्हणजे आपली ती करड्यातून रंगात जायची उडी इथेच मारता येते.

आणि शेवटी 'फॉल्टी टॉवर्स', एका तिरसट हॉटेलमालकाची कॉमेडी. फक्त बारा एपिसोड, सहा १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये, जॉन क्लीज आणि कॉनी बूथने मिळून लिहिलेले. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातल्या एका खऱ्या हॉटेलात क्लीज आणि मंडळी उतरली होती, तिथल्या तिरसट मालकावरून हे पात्र सुचलं. सुरुवातीला हॉटेलच्या पाटीवरची अक्षरं बहुतेक वेळा पडलेली किंवा उलटसुलट केलेली असतात, तिकडे मुलांना लक्ष ठेवायला सांगा. हे शेवटी का, तर यानंतर काहीही लावलं तरी फिकं वाटतं.

सरकारी ऑफिसात आयुष्य काढलेले कुणी पाहुणे असतील तर फॉल्टीऐवजी 'येस मिनिस्टर' लावा, मंत्री आणि त्याला गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्यांची कॉमेडी. आमच्या सासऱ्यांनी तो एपिसोड मान डोलवत बघितला, हसले नाहीत, म्हणाले यात विनोद काय आहे, असंच असतं. याचंच पुढे 'जी मंत्रीजी' झालं, फारुख शेख मंत्री. पण सबटायटल हवंच, त्यातल्या सर हम्फ्री या बड्या अधिकाऱ्याचं एक वाक्य सुरू झालं की चहा होऊन येतो.

काय लावायचं नाही, किंवा सांगून लावायचं

इथे थोडं थांबून बोलतो कारण हा विषय निघतोच. त्या काळच्या बऱ्याच कॉमेडीत आपल्यासारख्या लोकांवरचे जोक आहेत आणि ते आज ऐकताना घशात अडकतात. 'माइंड युअर लँग्वेज', परदेशी लोकांच्या इंग्रजीच्या वर्गावरची कॉमेडी, आपल्याकडे आवडीने बघतात, त्यावरून 'जबान संभालके' पण आलं, पण इथे जन्मलेल्या आमच्या मुलीला त्यात काहीच हसण्यासारखं वाटलं नाही आणि तिचं चूक नाही.

सगळ्यात अवघड 'इट एन्ट हाफ हॉट मम', १९७४ ते १९८१. ती घडते कुठे तर आपल्या देवळालीत! नाशिकजवळचं देवळाली, युद्धातला ब्रिटिश तोफखान्याचा कॅम्प, आणि तिथली सैनिकांची नाटक कंपनी. लिहिणाऱ्या जोडीतला जिमी पेरी स्वतः तिथे होता. शूटिंग मात्र इंग्लंडातच, त्यामुळे नाशिककर माणसाला पहिल्या फ्रेममध्येच कळतं की हे झाड आपल्याकडचं नाही. आणि रंगी राम नावाचं भारतीय पात्र केलंय ते मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून, आता हा माणूस जन्मला झाशीत आणि हिंदुस्तानी चांगली बोलायचा, तरी पण. बीबीसी ही सिरीज आता रिपीट करत नाही. मी पूर्ण संध्याकाळीत ती लावत नाही, पण कुणी नाशिकचं आलं असेल तर पाच मिनिटं दाखवतो आणि इंग्रजीतला 'डूलाली' हा शब्द सांगतो, म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला. तो देवळालीवरूनच आलाय, बोटीची वाट बघत महिनोन् महिने कॅम्पात पडलेले सैनिक वेडे व्हायचे म्हणून. मूळ शब्दप्रयोग 'डूलाली टॅप', आणि तो टॅप म्हणजे आपला ताप.

मिळवायचं कुठून

इथे ब्रिटनमध्ये असाल तर सोपं आहे, चॅरिटी शॉपमध्ये जुन्या डीव्हीडी नाण्यांच्या भावात मिळतात, फक्त काउंटरवरच उघडून डिस्क मोजून घ्या (वर सांगितलंच). भारतात नेणार असाल तर ब्रिटिश डीव्हीडी रीजन २ ची असते आणि आपल्याकडचा रीजन ५, प्लेयर मल्टी-रीजन नसेल तर नुसता एरर दाखवतो. यूट्यूबवर बीबीसीच्या स्वतःच्या चॅनलवर भरपूर क्लिप्स आहेत, तीन मिनिटांच्या गमती तिथूनच घ्यायच्या.

एखादा एपिसोड कुठेच मिळाला नाही तर तो खरंच नसेल. व्हिडिओ टेप महाग होत्या, त्यामुळे बीबीसी जुन्या टेप पुसून त्यावर नवीन रेकॉर्ड करायची, सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत हे चाललं. 'डॅड्स आर्मी' च्या दुसऱ्या सिरीजचे तीन भाग असेच गेले.

आणि एक फार सुंदर गोष्ट, 'रेडिओ टाइम्स' या कार्यक्रमांच्या साप्ताहिकात छापलेले बीबीसीचे १९२३ पासूनचे कार्यक्रम ऑनलाइन शोधता येतात, बीबीसी प्रोग्राम इंडेक्सवर. कुणाचा वाढदिवस असेल तर त्याच्या जन्मतारखेची संध्याकाळ काढा आणि त्यातलं जे मिळेल ते लावा.

टीव्हीची सेटिंग, हे टाळू नका

पाहुणे यायच्या आधी अर्धा तास. तीन गोष्टी.

पिक्चरचा आकार ४:३ किंवा ओरिजिनल करा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. कुणीतरी म्हणेलच की अरे फुल स्क्रीन कर ना, रिमोट त्याच्या हातात देऊ नका.

दुसरं, मोशन स्मूदनिंग बंद, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून टीव्ही मधली चित्रं स्वतःच भरतो ते. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय पण मेनूत मोशन असं काहीतरी दिसलं की ते बंद करायचं. जुन्या बीबीसीत घरातले सीन स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचे १६ एमएम फिल्मवर काढलेले असायचे, म्हणजे माणूस दार उघडून अंगणात आला की चित्रच बदलतं, आत सगळं सुळसुळीत आणि बाहेर थोडं दाणेदार, मळकट. मॉन्टी पायथन या क्लीजच्या कॉमेडी ग्रुपने यावर एक स्केचच केलं होतं, लोक खिडकीतून बाहेर डोकावतात आणि घाबरून परत येतात की आपण फिल्मने घेरलो गेलोय! स्मूदनिंग चालू असेल तर हा फरक पुसला जातो आणि सगळंच प्लास्टिकसारखं दिसतं.

तिसरं लॅपटॉपवरून लावत असाल तर. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये डीइंटरलेस चालू करा, जातात.

दारात पाहुणे आले की

स्क्रीनवर टेस्ट कार्ड एफ लावून ठेवा, १९६७ पासूनचं ते प्रसिद्ध चित्र, एक मुलगी फळ्यावर फुली-गोळा खेळतेय आणि शेजारी कापडी विदूषक. कार्यक्रम नसताना हे दिवसदिवस दिसायचं. त्या खेळातली फुली बरोबर स्क्रीनच्या मधोमध असते, त्यावरून टीव्ही नीट लागलाय का ते कळायचं, तुम्हीही बघून घ्या.

प्रत्येक कार्यक्रमाआधी दोन वाक्यं बोला, कोण कोणाचा कोण आणि वर्ष कुठलं. तीन वाक्यं झाली की लोक कंटाळतात, मला माहितीये. आणि मध्ये पॉज करून समजावत बसू नका.

चहा दोन कार्यक्रमांच्या मध्ये, एकदाच, सगळ्यांचा एकत्र. हे अगदी अस्सल ब्रिटिश आहे, कार्यक्रम संपला की लाखो घरांत एकाच वेळी किटली लागायची आणि विजेची मागणी उसळायची. १९९० च्या वर्ल्डकपमधली इंग्लंड-पश्चिम जर्मनी सेमीफायनल पेनल्टीवर संपली तेव्हा ती २८०० मेगावॅटने वाढली होती. असल्या वेळी वेल्समधल्या डिनॉर्विगच्या डोंगरात वरच्या तळ्यातलं पाणी सोडून काही सेकंदात वीज तयार करतात. खायला चीज आणि अननसाचे तुकडे काडीला टोचून ठेवा, सत्तरच्या दशकातली पार्टी याशिवाय व्हायची नाही. आमच्याकडे ते तसेच उरतात आणि कांदाभजी संपतात.

बंद कसं करायचं

ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा, नाहीतर फॉल्टी संपता संपता भलतंच काहीतरी सुरू होतं आणि सगळा मूड जातो. तेव्हा रात्री चॅनल खरोखर बंद व्हायचं, निवेदक शुभरात्री म्हणायचा, घड्याळ दिसायचं, राष्ट्रगीत वाजायचं आणि कधीकधी आठवणही करायचे की टीव्हीचं बटण बंद करा. अशा क्लोजडाउनच्या क्लिप्स मिळतात, एक शेवटी लावा. आमच्याकडे गॉड सेव्ह द क्वीन सुरू झालं तसे शेजारचे आजोबा उठून उभे राहिले, मग त्यांना बघून काका उभे राहिले, मग आम्ही सगळेच चहाचे कप हातात घेऊन उभे. संपल्यावर आजोबा म्हणाले, मी कोट घ्यायला उठलो होतो.