भित्र्या मुलाला हॅलोविनची गोष्ट वाचून दाखवताय? या चुका टाळा

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा सण: त्या संध्याकाळी मुलं मुखवटे, सोंगं घालून घरोघर कँडी मागत फिरतात. अमेरिकेत सप्टेंबर संपत आला की लायब्ररीत हॅलोविनची चित्रपुस्तकं समोर मांडून ठेवतात. त्यात एक गोष्ट हमखास असते: अंधाराला, मुखवट्यांना घाबरणारं मूल, त्याला चिडवणारी वर्गातली पोरं आणि ३१ ऑक्टोबरची रात्र. न्यू जर्सीत माझा मुलगा पाच वर्षांचा असताना मी असंच एक पुस्तक मोठ्या आशेने घरी आणलं, आणि वाचताना जवळजवळ सगळंच चुकवलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुस्तक मिटल्या मिटल्या मी म्हणाले, "बघ, तो नाही घाबरला. मग तू का घाबरतोस?" इतका वेळ त्याला आपल्यासारखाच कुणीतरी भेटला होता. माझ्या त्या एका वाक्याने गोष्टीतला तो मुलगाही त्याला चिडवणाऱ्यांत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पुस्तक सोफ्याखाली सापडलं. तुलना करूच नका. आणि व्हिडिओ कॉलवर आजीआजोबा लाडाने "भित्री भागूबाई" म्हणत असतील तर त्यांनाही प्रेमाने थांबवा. शाळेत जे ऐकून येतो तेच घरात ऐकू आलं, तर त्याने जायचं कुठे?

दुसरी चूक आपल्या लक्षातही येत नाही. चिडवण्याचं पान आपण भराभर उलटतो, कारण ते आपल्यालाच सोसत नाही. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं आणि चिडवणं त्यातल्या एकदोन पानांवरच येतं, पण मुलाला थांबायचं असतं ते तिथेच. माझ्या मुलाने त्या पानावर बोट दाबून धरलं होतं. "तुला काय वाटतं?" असं विचारलं की मुलं गप्प होतात. मी विचारलं, "हा मुलगा बघतोय कुठे?" तो म्हणाला, "बुटांकडे." दोन दिवसांनी आंघोळ घालताना आपणहून बोलला, "ते हसतात तेव्हा मी पण बुटांकडेच बघतो." शाळेत काय चाललंय ते मला त्या दिवशी कळलं. मुलाकडून असं काही कळलं तर पुस्तक बाजूला ठेवा आणि वर्गशिक्षकांना भेटा. रोज होणारी चिडवाचिडवी गोष्ट वाचून थांबत नाही.

आपल्या मराठी घरांत आणखी एक गफलत होते. इंग्रजी गोष्टीतलं घोस्ट म्हणजे बऱ्याचदा पांढरी चादर आणि तिला दोन भोकं. आपण त्याचं सरळ "भूत" करतो, आणि त्या शब्दामागून चिंचेवरची हडळ, पिंपळावरचा मुंजा, उलटी पावलं असं सगळं आजोळचं गणगोत येतं. "चादर पांघरलेला मुलगा" म्हणा, भीती निम्मी होते.

आवाज काढून दचकवू नका. पानं मुलालाच उलटू द्या. पुढे काय येणार हे त्याच्या हातात असलं की मूल गोष्टीत जास्त वेळ टिकतं. आणि पुस्तक घेण्याआधी लायब्ररीतच उभ्या उभ्या शेवट वाचा. घाबरणाऱ्या मुलाने चिडवणाऱ्यांना त्याहून जास्त घाबरवलं आणि सगळे खूश, असा शेवट असेल तर मी ते पुस्तक परत ठेवते.

पुस्तक ३० ऑक्टोबरला काढू नका. महिनाभर हाताशी राहू द्या. तोवर एक साधा मुखवटा आणून आरशासमोर घालायला आणि काढायला लावा, आधी तुमच्या तोंडावर, मग त्याच्या. लहान मुलांना चेहरा झाकलेला माणूस खरोखरच दुसरा कुणीतरी वाटतो. आत आईच आहे, हे त्यांना पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

आणि त्या संध्याकाळची परीक्षा करू नका. अंधार पडायच्या आत, ओळखीच्या तीन घरी जाऊन आलात तरी पुष्कळ. तेही नको असेल तर आपल्या पोर्चचा दिवा लावा. दिवा चालू म्हणजे या घरी कँडी मिळते, हे तिथल्या पोरांना ठाऊक असतं. मूल दारात उभं राहून कँडी वाटेल.

माझा मुलगा पुढच्या वर्षी तसाच कँडीचा वाडगा घेऊन पायरीवर बसला. सांगाड्याचा मुखवटा घातलेला एक मोठा मुलगा आला, तेव्हा त्याने वाडगा छातीशी धरून विचारलं, "जरा काढून दाखवशील?" त्या मुलाने मुखवटा कपाळावर सरकवला. आत घामेजलेला, हसरा चेहरा होता. आमच्या चिरंजीवांनी त्याला दोन कँडी जास्त दिल्या.